नागपूरच्या राज्याला समुद्र होता

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आमच्या महाल भागातल्या एका शाळकरी मुलीने इतिहासाच्या प्रकल्पासाठी नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचा नकाशा रंगवला आणि तो दाखवायला ती माझ्याकडे आली. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तो भारताचा कोरा नकाशा. हिरवा रंग नागपूरपासून निघाला, रायपूर-बिलासपूरपर्यंत गेला आणि तिथे थांबला. पुढे का नाही नेलास, विचारले तर म्हणाली, "आजी, नेटवर एवढंच मिळालं." त्या मुलीचा काही दोष नाही. हा प्रश्न मी मोठ्या माणसांनाही विचारून पाहिला आहे. भोसल्यांचा वाडा ज्यांच्या गल्लीच्या टोकाला आहे, त्यांनासुद्धा हे राज्य समुद्राला जाऊन भिडले होते हे सांगावे लागते. म्हणून हे पत्र. लांबले तर कापा, पण सनावळ्या कापू नका ही विनंती.

१७५१ साली बंगालचा नवाब अलीवर्दी खान आणि पहिले रघुजी भोसले यांच्यात तह झाला. सुवर्णरेखा नदी ही सरहद्द ठरली. तिच्या दक्षिणेचा ओडिशा रघुजींकडे आला, शिवाय बंगालच्या चौथाईपोटी वर्षाला १२ लाख रुपये कबूल झाले. तेव्हापासून १८०३ पर्यंत सुवर्णरेखेच्या मुखापासून चिल्का सरोवरापर्यंतचा किनारा नागपूरच्या अमलाखाली होता. सुभेदार कटकला बसत आणि त्यांची नेमणूक नागपूरहून होई. १७६५ मध्ये मुघल बादशहा शाह आलमने ईस्ट इंडिया कंपनीला बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, दिली असे आपण शाळेत पाठ करतो. त्यातला 'ओरिसा' कागदावरच राहिला. खरा ओडिशा त्यानंतरही ३८ वर्षे आपल्याकडे होता.

त्या किनाऱ्याच्या उत्तर टोकाला बालेश्वर आहे. लोक बालासोर म्हणतात. आपल्याकडे हे नाव कानावर पडते ते क्षेपणास्त्राच्या चाचणीच्या बातमीत, किंवा २ जून २०२३ च्या बाहानगा इथल्या रेल्वे अपघातामुळे. पण भूगोल शिकवणाऱ्या बाईला या गावाचे पहिले अप्रूप वाटते ते अक्षांशाचे. नागपूर २१ अंश ९ मिनिटांवर, बालेश्वर साडेएकवीस अंशांवर. म्हणजे महालातून नाकासमोर पूर्वेला निघालो तर आठशे-एक किलोमीटरवर जिथे पाय भिजतील ती जागा बालेश्वरच्या आसपासचीच. वर्गात मी मुलांना भिंतीवरच्या नकाशावर पट्टी आडवी धरायला लावायची, तेव्हा त्यांचा विश्वास बसायचा. आणि पाण्याचे म्हणाल तर आपण आहोतच त्या बाजूचे. लाव्हा गावाजवळच्या टेकड्यांकडून निघालेली आपली नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, ती पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जाते. नागपुरात पडलेला पाऊस अरबी समुद्र बघत नाही. आणखी एक गोष्ट: महानदीचा उगम छत्तीसगडात सिहावाजवळ. त्या काळी छत्तीसगडही नागपूरकरांचे. म्हणजे उगम आपल्याकडे आणि मुखही आपल्याकडे.

आता त्या किनाऱ्याविषयी. सुवर्णरेखेच्या मुखापासून धामऱ्यापर्यंत किनारा आत वळलेला आहे, उथळसा बाक काढावा तसा. बालेश्वर शहर समुद्रावर नाही, ते थोडे आत, बुढाबलंग नदीच्या काठावर आहे. ही नदी मयूरभंजच्या सिमलीपालच्या डोंगरांतून येते आणि बलरामगडीजवळ समुद्राला मिळते. तिथून जवळच चांदीपूर. पुरीची यात्रा करून परतताना आमच्या सोबतच्या बायका तिथे थांबायला तयार नव्हत्या. मीच हट्टाने थांबवले. सकाळी पाहिले तर सुरूच्या झाडांपर्यंत पाणी होते. रिक्षावाल्याने सांगितले, जेवून या, समुद्र निघून जाईल. दुपारी गेलो तर खरोखरच समुद्र नव्हता. क्षितिजापर्यंत करडी ओली वाळू, तिच्यावर लाटांनी पाडलेल्या बोटभर उंचीच्या वळ्या, वळ्यांमधल्या खळग्यांत घोट्याएवढे कोमट पाणी. निऱ्या खोचून आम्ही चालत राहिलो. पायाची चाहूल लागली की लाल खेकडे भराभर बिळात शिरत. एके ठिकाणी घोड्याच्या नालेसारख्या कवचाचा तो पुरातन खेकडा उलथा पडला होता, शेपटीचा काटा वर आणि पाय हळूहळू हलणारे. आमच्यातल्या एकीने त्याला पदरात धरून सुलटा केला. मच्छीमार सायकली हातात धरून त्या समुद्राच्या तळावरून पलीकडे जात होते, हँडलला जाळी अडकवलेली. होड्या एका कुशीवर कलंडून पाण्याची वाट बघत होत्या.

दिवसातून दोनदा हे घडते आणि रोज साधारण पन्नास मिनिटे उशिराने. ओहोटीला पाणी पाच किलोमीटरपर्यंत मागे जाते. कारण साधे आहे. समुद्रबूड जमिनीचा उतार इतका मंद आहे की पाणी उभ्यात काही मीटरच उतरले तरी आडव्यात किलोमीटरचे किलोमीटर तळ उघडा पडतो. सुवर्णरेखा, बुढाबलंग, वैतरणी, ब्राह्मणी, महानदी, सगळ्या नद्या आपापला गाळ इथे आणून टाकतात. वर उत्तरेला गंगेचे मुख आहेच. खडक नाही, कडा नाही, बेट नाही. कोकणात सह्याद्रीचे फाटे समुद्रात घुसतात, त्यांच्या मधे खोल खाड्या आणि समोर खडकाळ बेटे. शिवाजी महाराजांना १६६४ मध्ये सिंधुदुर्ग बांधायला कुरटे बेट मिळाले, आंग्र्यांना विजयदुर्गची खाडी मिळाली. बालेश्वरच्या अंमलदाराला काय मिळाले? चिखल.

माझे म्हणणे एवढेच आहे आणि ते मी पूर्ण जबाबदारीने मांडते: नागपूरच्या राज्याकडे पन्नासहून अधिक वर्षे समुद्र असून आरमार झाले नाही, याचे अर्धे उत्तर या तळात आहे. उरलेले अर्धे भोसल्यांच्या फौजेत आहे. ती घोडेस्वारांची फौज होती आणि तिचे लक्ष महसुलावर होते. पण आपण इतिहास सांगताना फक्त माणसांची नावे सांगतो आणि जमीन विसरतो.

तरीही हे बंदर क्षुल्लक नव्हते. सतराव्या शतकात इंग्रज, डच, डेन, सगळ्यांनी बालेश्वरला वखारी घातल्या. हुगळीला जाण्याआधी इंग्रजांनी बंगालच्या व्यापाराची सुरुवात याच किनाऱ्यावरून केली. तांदूळ, सुती कापड, टसर इथून जाई. डचांची थडगी तिथे आजही उभी आहेत. मोठी जहाजे मात्र गावापर्यंत कधीच येत नसत. नदीच्या मुखावर वाळूचा दांडा, तो भरतीलाच ओलांडायचा आणि तोही लहान होड्यांनी. मोठी गलबते दूर समुद्रात नांगर टाकून उभी राहत. या नांगराच्या जागेचे महत्त्व आणखी एका कारणाने होते. हुगळी नदी वाळूच्या दांड्यांमुळे अत्यंत धोक्याची. तिच्यात शिरण्यासाठी वाट दाखवणारे नावाडी लागत, आणि युरोपातून आलेली जहाजे बालेश्वरसमोर थांबून त्यांना वर घेत. कलकत्त्याचा उंबरठा म्हणावा अशी ही जागा आणि तिच्या काठावर अंमल नागपूरचा. या एका वाक्यावर वर्गात मी अख्खा तास घालवीत असे.

इंग्रजांना हा किनारा का हवा होता हे नकाशा पाहिला की लगेच कळते. बंगाल त्यांचा, मद्रास त्यांचे, मधे ओडिशा भोसल्यांचा. टपाल न्यायचे तरी नागपूरकरांच्या मुलखातून, फौज न्यायची तरी त्यांच्याच मुलखातून. १७८१ मध्ये हैदरअलीशी लढायला कर्नल पियर्सची फौज बंगालहून मद्रासकडे निघाली तेव्हा मुधोजी भोसल्यांचे चिरंजीव चिमणाजी कटकला मोठी फौज घेऊन बसले होते. वॉरन हेस्टिंग्जने लाखो रुपये मोजले तेव्हा मामला मिटला. त्या वेळी चिमणाजी बंगालवर चालून गेले असते तर काय झाले असते, यावर वाद घालायला मला आवडते, पण ते या पत्राचे काम नाही.

दुसरे कारण मिठाचे. या सपाट, खाऱ्या किनाऱ्यावर मलंगी नावाचे कारागीर खारे पाणी चुलीवर आटवून पांढरेशुभ्र मीठ करत. बंगालात कंपनीने मिठाचा मक्ता घेतला होता. ओडिशाचे मीठ सरहद्द ओलांडून तिकडे स्वस्तात विकले जाई आणि मक्त्याला भोक पडे. हा सगळा माल आम्हालाच विका असा लकडा कंपनीने लावला होता, नागपूरने तो मानला नाही. किनारा ताब्यात आल्याबरोबर १८०४ मध्ये कंपनीने तिथेही मिठाचा मक्ता लागू केला, यातच सगळे आले. ज्या जमिनीने आपल्याला बंदर दिले नाही तिनेच मीठ दिले होते, आणि त्या मिठावर कंपनीचा डोळा होता.

१८०३ चे युद्ध आपण असईचे आणि अडगावचे म्हणून शिकतो. पूर्वेकडचे युद्ध शिकतच नाही. सप्टेंबरमध्ये कर्नल हारकोर्टची फौज गंजामहून निघाली, चिल्काच्या मुखाशी माणिकपाटण्याला तिला वाट मिळाली आणि १८ सप्टेंबरला पुरी गेली. त्याच सुमारास दुसरी तुकडी समुद्रमार्गे बालेश्वरला उतरली आणि २१ तारखेला गाव त्यांच्या हाती आले. १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबती किल्ला पडला. दुसरे रघुजी भोसले तेव्हा इकडे वऱ्हाडात गुंतलेले. २९ नोव्हेंबरला अडगाव, १५ डिसेंबरला गाविलगड, आणि १७ डिसेंबर १८०३ ला अचलपूरजवळ देवगावला तह. त्या तहात कटक प्रांत सोडताना बालेश्वरचे बंदर आणि जिल्हा यांचा वेगळा, नाव घेऊन उल्लेख आहे. कंपनीला काय हवे होते ते तिने कलमात लिहूनच घेतले. देवगाव आपल्या अमरावती जिल्ह्यातले. समुद्र आपण समुद्रावर गमावला नाही, मेळघाटच्या पायथ्याशी सही करून गमावला.

त्यानंतर त्या किनाऱ्याचे हाल झाले तेही सांगायला हवे, कारण तिथल्या लोकांनी ते सोसले. १८६६ च्या दुष्काळात ओडिशात दहा लाखांच्या आसपास माणसे मेली. सरकारने धान्य मागवायला उशीर केला हे पहिले कारण. आणि जेव्हा तांदूळ निघाला तेव्हा पावसाळा लागला होता, खवळलेल्या उथळ समुद्रात जहाजांना माल उतरवता येईना. पाच किलोमीटर मागे जाणारा समुद्र बघायला आज आपण हौसेने जातो, तेव्हा याचीही आठवण असावी. पुढे १९१५ मध्ये बंगाली क्रांतिकारक बाघा जतीन जर्मन शस्त्रांच्या जहाजाची वाट पाहत याच भागात थांबले होते. बुढाबलंगच्या काठी ९ सप्टेंबरला पोलिसांशी चकमक झाली आणि दुसऱ्या दिवशी बालेश्वरच्या रुग्णालयात त्यांनी प्राण सोडला. १९३० मध्ये इंचुडीला मिठाचा सत्याग्रह झाला तोही याच जिल्ह्यात.

काही वाचक म्हणतील, बाई, यात अभिमानाचे काय आहे? प्रश्न रास्त आहे. रघुजींचे सरदार भास्करराम कोल्हटकरांच्या १७४२ पासूनच्या स्वाऱ्यांनी बंगालात जी जाळपोळ आणि लूट झाली तिची आठवण तिकडे अजून जिवंत आहे. लहान मुलांना झोपवताना आया 'बर्गी आले' अशी भीती घालत, ते बर्गी म्हणजे आपलेच बारगीर. ओडिशातही वसुलीचा जाच होता, जगन्नाथाच्या यात्रेकरूंकडून कर घेतला जाई. दुसरीकडे पुरीच्या मंदिराचे उत्सव, नैवेद्य, यात्रेकरूंची व्यवस्था याकडे मराठ्यांनी लक्ष दिले हेही तितकेच खरे. सिंहद्वारासमोरचा तो सोळा पैलूंचा, एका दगडाचा, दहा मीटर उंच अरुणस्तंभ कोणार्कहून आणून तिथे उभा केला तो मराठ्यांच्याच काळात. नागपूरचे हजारो भाविक त्याला हात लावून आत जातात आणि तो तिथे कसा आला हे त्यांना कुणी सांगत नाही. मला अभिमानाची किंवा शरमेची गोष्ट करायची नाही. मला नकाशा पुरा हवा आहे. चांगले-वाईट दोन्ही त्याच नकाशावर घडले.

नागपूर आणि तो किनारा यांचा संबंध १८०३ मध्ये संपला असेही नाही. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली. मुख्य मार्ग नागपूरहून हावड्याकडे, आणि खरगपूरहून खाली कटककडे जाणारा तिचा फाटा बालेश्वरवरूनच. म्हणजे ज्या बंदरावरून आपला अंमल उठला, त्या गावाच्या स्टेशनावर पुढे कित्येक वर्षे 'नागपूर' हे नाव असलेली गाडी थांबत होती. पुरीच्या एका जुन्या हॉटेलच्या नावात 'बीएनआर' ही अक्षरे अजून आहेत. तिथे उतरणाऱ्या किती नागपूरकरांना त्यातला 'एन' आपला आहे हे ठाऊक असेल?

आता मागणी. मोठ्या स्मारकाची, पुतळ्याची, निधीची नाही. महालात भोसल्यांच्या वाड्याच्या परिसरात, लोक थांबून वाचतील अशा ठिकाणी, एक नकाशा लावावा. त्यावर १७५१ ची सुवर्णरेखेची सरहद्द एका रंगाने आणि १८०३ ची देवगावच्या तहानंतरची दुसऱ्या रंगाने दाखवावी. बालेश्वर, कटक, पुरी, माणिकपाटणा, चिल्का ही नावे असावीत, नद्या असाव्यात आणि किनाऱ्याचा उथळपणा कळेल अशा छटा समुद्रात असाव्यात. तसाच एक आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात असावा. १८६३ पासूनचे हे संग्रहालय, अजब बंगला म्हणून पोरेसोरेही त्याला ओळखतात. शाळांच्या सहली तिथे जातातच. आणि शाळांना विनंती की भोसल्यांवरचा प्रकल्प देताना मुलांना कोरा नकाशा भारताचा द्यावा, महाराष्ट्राचा नव्हे. रंग कुठपर्यंत जातो ते त्यांना स्वतः शोधू द्यावे.

नकाशाचा मजकूर मराठीबरोबर ओडियातही असावा असे मला वाटते. नागपुरात नोकरी-धंद्यानिमित्त राहणारी ओडिया कुटुंबे आहेत, त्यांनाही या शहराशी आपले जुने नाते वाचता येईल, आणि आपण काय लिहिले आहे ते तपासताही येईल. आपल्याकडून बर्गींचा उल्लेख गाळला गेला तर ते नक्की विचारतील, आणि विचारायलाच हवे. मजकूर तयार करायला मी आणि माझे दोन निवृत्त सहकारी, एक इतिहासाचे आणि एक चित्रकलेचे, विनामूल्य बसायला तयार आहोत. सनावळी आणि अक्षांश-रेखांशांचे टिपण माझ्याकडे लिहून ठेवलेले आहे. महापालिकेतल्या किंवा संग्रहालयातल्या कुणाला ते हवे असल्यास आपल्या कार्यालयामार्फत कळवावे, मी स्वतः आणून देईन.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
महाल, नागपूर